ओहोटीच्या वेळचा मास्तर

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डेना पॉइंट नावाचं एक बंदर आहे. तिथल्या ऑरेंज काउंटी मरीन इन्स्टिट्यूटमध्ये १९८४ ते १९८७ या काळात एक तरुण मास्तर होता. शाळांच्या सहली यायच्या, पोरं बूट भिजवत खडकांवर पसरायची, आणि हा त्यांना डबक्यातले जीव दाखवायचा. पोरांना नुसतं सांगून सगळं लक्षात राहत नाही, म्हणून त्याने हाताने चित्रं काढून एक कॉमिक केलं, ‘द इंटरटायडल झोन’. कॉमिकमध्ये माहिती सांगायला एक सूत्रधार लागतो, तर तो होता काळा चष्मा लावलेला एक स्पंज. नाव बॉब. प्रकाशकांना दाखवलं, कुणी घेतलं नाही.

मास्तरचं नाव स्टीफन हिलेनबर्ग. पुढे बारा वर्षांनी त्याने टीव्हीवर ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ ही कार्टून मालिका आणली.

मी कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर वर्षी थंडीत एस.वाय.च्या मुलांना घेऊन खडकाळ किनाऱ्यावर जाणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम. त्यामुळे या माणसाबद्दल मी काही तटस्थपणे लिहिणार नाही. आमच्याच जातकुळीतला आहे तो. माझा भाचा लहान असताना निकवर (निकलोडियन या मुलांच्या चॅनेलवर) हिंदीत डब केलेला स्पंजबॉब लागला की ओरडायचा, ‘मावशी, तुझा स्पंज लागलाय!’ मी हातातलं काम टाकून जायचे. त्याला वाटायचं मावशी आपल्यासाठी बसते.

तर आधी तो पट्टा समजून घ्या, कारण सगळं तिथूनच निघालंय. भरतीचं पाणी जिथवर चढतं ती वरची रेघ, आणि ओहोटीला जिथवर उतरतं ती खालची. या दोन रेघांमधली जागा दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा उन्हात पडते. कोकणात हे कुणाला शिकवायला लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला सुकती, ओहोटी. कालवं काढायला निघालेल्या बायका हा हिशोब मोबाइल न बघता करतात. माझी मुलं ॲप उघडतात आणि तरी पाणी चढायला लागल्यावर पोचतात.

खडकावर वरून खाली उतरत गेलात की वस्ती बदलत जाते. सगळ्यात वर भेगांमध्ये चिकटलेल्या मुगाएवढ्या गोगलगायी, ज्यांना दिवसभर पाणी मिळालं नाही तरी चालतं. त्याखाली पायाला कापणारे बार्नॅकल, मग कालवं. आणखी खाली शेवाळ आणि पाकळ्या मिटून बसलेली समुद्रफुलं. अगदी खाली, दगडाच्या पोटाशी, जिथे ऊन पोचत नाही तिथे स्पंज. पिवळा, नारिंगी, कधी मळकट जांभळा, दगडावर रंगाचा जाड हात फिरवल्यासारखा. मुलांना सांगितल्याशिवाय तो जीव आहे असं वाटत नाही. मी बोटाने दाखवते, ‘ही बारीक छिद्रं बघा, आणि हे मोठं भोक.’ एक जण हमखास विचारतो, ‘मॅडम, हाच का तो स्पंजबॉब?’ मी हो म्हणते. त्यानंतर अर्धा तास त्यांचं लक्ष माझ्याकडे असतं, हे हिलेनबर्गचे माझ्यावरचे उपकार.

त्याचा जन्म २१ ऑगस्ट १९६१चा, ओक्लाहोमातल्या लॉटनचा. समुद्राचा तिथे काही संबंध नाही. पण तो अगदी तान्हा असतानाच घर कॅलिफोर्नियात अनाहाइमला आलं. वडील विमानउद्योगात नकाशे काढणारे, आई दृष्टिहीन मुलांना शिकवणारी. जाक कुस्तो या फ्रेंच समुद्रसंशोधकाचे समुद्राखालचे चित्रपट बघून पोरगा वेडा झाला, आणि कळत्या वयात स्वतः पाण्यात डुबक्या मारायला लागला. स्पंजबॉबमध्ये जो फ्रेंच हेल काढून बोलणारा निवेदक आहे, ‘काही तासांनंतर...’ असली पाटी वाचणारा, तो म्हणजे कुस्तोची प्रेमाने केलेली नक्कल.

चित्रं आणि समुद्र दोन्ही आवडायचं. पोट चित्रांवर भरणार नाही, असा विचार त्यानेही केला. हा विचार फक्त आपल्याकडेच होतो असं आपल्याला उगाच वाटतं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट युनिव्हर्सिटीतून १९८४ साली त्याने नैसर्गिक साधनसंपत्तीच्या विषयात पदवी घेतली, भर सागरी भागावर. मेन राज्यातल्या एका सीफूड हॉटेलात भटारखान्यात काम केलं, लॉब्स्टर उकडले. तिथला मॅनेजर तांबड्या केसांचा, दणकट, पूर्वी सैन्यात आचारी असलेला. मालिकेतल्या हॉटेलाचा मालक, खेकडा मिस्टर क्रॅब्ज, तिथून आला. स्पंजबॉबला हॉटेलात तव्यापुढे उभा केला तोही त्याच अनुभवावर. म्हणून तो आपल्या कामावर एवढा खूश असतो ते मला कधी खोटं वाटलं नाही. हॉटेलात काम केलेल्या माणसाने लिहिलेलं हॉटेल आहे ते. ग्राहकांची रांग, कंजूष मालक, गल्ल्यावर वैतागलेला सहकारी, सगळं तंतोतंत.

१९८७च्या सुमाराला त्याने नोकरी सोडायचं ठरवलं आणि १९८९मध्ये कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलाशाळेत प्रयोगशील ॲनिमेशन शिकायला प्रवेश घेतला. वय अठ्ठावीस. आपल्याकडे या वयात मुलगा पर्मनंट नोकरी सोडून चित्रकलेच्या शाळेत गेला तर आधी पत्रिका दाखवतात. तिथे ज्यूल्स एंगल हे गुरू भेटले. एंगल मूळचे बुडापेस्टचे, डिस्नेच्या ‘फँटेशिया’वर काम केलेले. आणि त्यांच्या विभागाचा कारभार टीव्ही कार्टूनच्या अगदी उलट्या दिशेचा होता. कथा नसली तरी चालेल, आकार आणि हालचाल बोलली पाहिजे, अशी शिकवण. हिलेनबर्ग त्यांना आपला कलेतला बाप मानायचा. १९९२मध्ये मास्टर्स पूर्ण झालं. त्याच्या ‘वर्महोल्स’ या सापेक्षतावादावरच्या छोट्या फिल्ममुळे ओटावाच्या महोत्सवात जो मरे याच्याशी ओळख झाली आणि मरेने त्याला निकलोडियनच्या ‘रॉकोज मॉडर्न लाइफ’ या कार्टून मालिकेवर दिग्दर्शक म्हणून घेतलं. १९९३ ते १९९६ तिथे.

रॉकोबद्दल फार लिहीत नाही, मी ते तुकड्यातुकड्यांनी पाहिलंय. पण तिथे दोन गोष्टी झाल्या. एक, टीव्हीचं कार्टून कसं चालतं हे तो शिकला आणि पुढची माणसं जोडली: डेरेक ड्रायमन, टिम हिल, निक जेनिंग्ज, आवाज देणारा टॉम केनी. दुसरं म्हणजे तिथल्या मार्टिन ओल्सन या लेखकाच्या हातात ते जुनं ‘इंटरटायडल झोन’ पडलं. तो म्हणाला, अरे, यातच तुझी मालिका आहे. घरात पडलेला शाळेचा तक्ता कुणीतरी बाहेरच्याने उचलून बघावा लागतो.

आधी त्याने खराखुरा स्पंज काढून पाहिला, वेडावाकडा, छिद्राछिद्रांचा. नंतर त्याला स्वयंपाकघरातल्या सिंकजवळचा चौकोनी स्पंज सुचला, आणि त्या चौकोनात तो भोळा, नीटनेटका स्वभाव बरोबर बसला. नाव आधी ‘स्पंजबॉय’ होतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी आधीच आपल्या मालासाठी घेतलेलं निघालं. मग जुन्या कॉमिकमधला बॉब उपयोगी पडला. निकलोडियनच्या लोकांपुढे कल्पना मांडायला हा गडी हवाईयन शर्ट घालून गेला, बरोबर एक मत्स्यालय, त्यात पात्रांच्या छोट्या मूर्ती, मागे हवाईयन संगीत. मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आठवीच्या वर्गासमोर उभं राहिलेला कुठलाही शिक्षक हेच करेल. वस्तू हातात घेऊन जा, बोलणं आपोआप होतं.

चॅनेलवाल्यांचा एक आग्रह होता: नायक शाळेत जाणारा मुलगा हवा, मुलांना मुलंच आवडतात. हिलेनबर्गला तो मोठा माणूसच हवा होता, स्वतःचं घर असलेला, नोकरी करणारा, फक्त मनाने निरागस. तो हटला नाही. तडजोड म्हणून मिसेस पफ यांची बोट चालवायची शाळा आली. स्पंजबॉब ड्रायव्हिंग टेस्टला नापास होत राहतो, म्हणजे शाळा आहे आणि नायकही मोठाच. आरटीओच्या फेऱ्या मारलेल्या कुणालाही तो भाग समजावून सांगावा लागत नाही.

पहिला भाग १ मे १९९९ला किड्स चॉइस अवॉर्ड्सनंतर दाखवला गेला. तेव्हा हिलेनबर्ग ३७ वर्षांचा होता.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येते. या मालिकेत प्राणिशास्त्र चुकीचं आहे असं लोक हसून सांगतात. पाण्याखाली शेकोटी पेटते, गोगलगाय म्याव करते, खेकड्याची मुलगी देवमासा असते. मान्य. पण जरा जवळून बघा. स्पंज हा असा प्राणी, की त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तोंड नाही, पोट नाही. अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले कण गाळून खायचे, पाणी वरच्या भोकातून सोडून द्यायचं. बस. आणि तो मोडत नाही. एच. व्ही. विल्सन या शास्त्रज्ञाने १९०७मध्ये स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तर त्या पाण्यात पुन्हा एकमेकींना चिकटून नवा स्पंज व्हायला लागल्या. स्पंजबॉबचे हात तुटतात आणि पॉप करून परत येतात, त्याचे तुकडे होतात आणि तो हसत उभा राहतो, हा नुसता कार्टूनी चावटपणा नाही. असा प्राणी नायक केला की त्याला कितीही बदडा, बघणाऱ्याला वाईट वाटत नाही. विनोदासाठी याहून सोयीचं शरीर दुसरं नाही, आणि ते ओळखायला प्राणी माहीत असावा लागतो.

स्पंजबॉबचा मित्र पॅट्रिक, तारामासा. दगडाखाली राहतो, तेही बरोबर. मंद दिसतो, पण खरा तारामासा किती खादाड असतो ते शिंपल्यांना विचारा. दोन शिंपा बाहूंनी ओढून फट पाडायची आणि स्वतःचं पोटच बाहेर काढून आत सरकवायचं. पॅट्रिक आळशी असूनही मधूनच जो भयानक हावरटपणा करतो तो तिथला. गल्ल्यावरचा तो वैतागलेला स्क्विडवर्ड हा ऑक्टोपस, पण त्याला आठ ऐवजी सहाच अवयव. आठ काढले तर ॲनिमेशनमध्ये फार गर्दी होते, म्हणून. हा निर्णय चित्रकार म्हणून शंभर टक्के बरोबर, पण जर्नलमध्ये सहा बाहूंचा ऑक्टोपस काढून आणणारी मुलं मला भेटलेली आहेत.

आणि प्लँक्टन! मिस्टर क्रॅब्जच्या बर्गरची, क्रॅबी पॅटीची, कृती चोरायला टपलेला तो एकडोळ्या खलनायक. तो कोपेपॉड आहे, म्हणजे पाण्यात तरंगणारा कवचाचा एक बारीक जीव. कोपेपॉडांमध्ये डोक्याच्या मधोमध एकच डोळा असणं हे अगदी खरं. त्याच्या गोड्या पाण्यातल्या चुलतभावाला तर सायक्लॉप्सच म्हणतात, आणि माझ्या वयाच्या मराठी माणसाची त्याच्याशी शाळेत ओळख झालेली आहे. नारू या कृमीच्या रोगाच्या धड्यात! विहिरीचं पाणी गाळून प्या, कारण त्यात सायक्लॉप्स असतो आणि त्याच्या पोटात नारूची अळी. पायऱ्यांच्या विहिरी बुजल्या, नळ आले, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, आणि आता त्या खानदानातला एक जण टीव्हीवर दुसऱ्याच्या हॉटेलातला बर्गर चोरायला बघतो. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. (त्याच्या कॉम्प्युटर-बायकोचं नाव कॅरन. हिलेनबर्गच्या खऱ्या बायकोचंही कॅरन. घरी काय बोलणी झाली असतील देव जाणे.)

सांगायचं एवढंच, की त्याने काय सोडलं आणि काय ठेवलं याचा हिशोब शिक्षकाचा आहे. माहिती सगळी फेकून दिली आणि प्राण्याचा स्वभाव तेवढा ठेवला. आमच्याकडे उलट होतं. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या स्पंजला वर्ग आहे, गण आहे, आकृतीला बाण आहेत, स्वभाव नाही.

मालिका बनायची ती पद्धतही सांगण्यासारखी. आधी पूर्ण संहिता लिहून मग चित्रं, असं नाही. दोन-तीन पानांचा आराखडा करायचा आणि तो स्टोरीबोर्ड करणाऱ्या चित्रकारांच्या हातात द्यायचा. संवाद त्यांनीच चित्रांबरोबर लिहायचे. म्हणजे विनोद आधी डोळ्यांना सुचतो, मग तोंडाला. आवाज देणारी मंडळी एका खोलीत एकत्र बसून रेकॉर्डिंग करायची, त्यामुळे बोलण्यावर बोलणं चढतं ते खरं वाटतं. मग कॅलिफोर्नियातून सगळं दक्षिण कोरियाला जायचं, तिथे हालचाली भरल्या जायच्या. अकरा मिनिटांची एक गोष्ट. मी आवाज बंद करूनही जुने भाग पाहिलेत. तरी कळतात, तरी हसू येतं. एंगल मास्तरांची शिकवण वाया गेली नाही.

२००४ला सिनेमा आला. हिलेनबर्गच्या मते तिथे थांबायला हवं होतं. तीन सीझन आणि एक सिनेमा, गोष्ट संपली. पण एवढं दूध देणारी गाय कोण सोडतो? चॅनेलने मालिका चालू ठेवली, त्याने रोजची सूत्रं पॉल टिबिट यांच्याकडे दिली आणि बाजूला झाला. पुढचे बरेच भाग मला आवडत नाहीत, आणि यात मी एकटी नाही. चेहरे फार ताणलेले, आरडाओरडा जास्त, स्पंजबॉब निरागस कमी आणि बावळट जास्त. दुसऱ्या सिनेमानंतर २०१५मध्ये तो परत आला, तेव्हा पुन्हा जरा जीव आला.

मार्च २०१७मध्ये त्याने आपल्याला एएलएस झाल्याचं जाहीर केलं. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, हात आधी जातात की पाय की वाचा ते सांगता येत नाही. होईल तितकं काम करत राहीन म्हणाला आणि राहिला. २६ नोव्हेंबर २०१८ला गेला, वय ५७. रक्षा प्रशांत महासागरात सोडली.

त्यानंतर २०२१मध्ये ‘कँप कोरल’ नावाची मालिका निघाली, त्यात स्पंजबॉब दहा वर्षांचा आणि उन्हाळी शिबिरात. म्हणजे १९९७-९८मध्ये ज्या गोष्टीला तो नाही म्हणाला, तीच. थोडं पाहिलं आणि बंद केलं. माणूस गेल्यावर त्याच्या ‘नाही’ला किंमत राहत नाही, हे काही फक्त घराच्या सातबाऱ्यातच होतं असं नाही.

शास्त्रज्ञांनी मात्र त्याची आठवण जास्त चांगली ठेवली. बोर्निओतल्या सारावाकच्या जंगलात एक नारिंगी अळंबी सापडली, दाबली की पाणी निघतं आणि सोडली की पुन्हा फुगते. २०११मध्ये तिचं नाव ठेवलं ‘स्पंजिफॉर्मा स्क्वेअरपँट्सी’. हे शास्त्रीय नाव आहे, थट्टा नाही, परीक्षेत लिहिलं तर मी मार्क देईन.

आणि जुलै २०२१ची ती समुद्रतळाची छायाचित्रं. अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं पाणबुडी यंत्र अटलांटिकमध्ये जवळपास दोन किलोमीटर खोल फिरत होतं. कॅमेऱ्यात आला एक चौकोनीसर पिवळा स्पंज आणि त्याला खेटून गुलाबी तारामासा. जगभर लोकांनी फोटो फिरवला, बघा बघा, खरे स्पंजबॉब आणि पॅट्रिक. तारामाशांचे तज्ज्ञ क्रिस्टोफर माह यांनीच तो फोटो टाकला होता. त्यांनी पुढे हेही सांगितलं, की हा गुलाबी तारामासा स्पंज खाणाऱ्यांपैकी आहे.

हा फोटो मी स्पंजच्या तासाला शेवटी दाखवते. गेल्या वर्षी एक मुलगी पटकन म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे हा भेटायला नाही, जेवायला आलाय.’ वर्ग हसला. मग मी विचारलं, बहुतेक स्पंजच्या अंगात काचेसारख्या किंवा चुनखडीच्या बारीक सुया असतात, चवही घाणेरडी, तरी हा ते पचवतो कसा? तेव्हा त्यातल्या चौघांनी स्वतःहून लायब्ररीत जाऊन शोधून आणलं. बाकीच्यांनी अर्थातच यूट्यूबवर जुने भाग बघितले.